मे महिन्यातली पक्षीगणना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे कारभारी सन्माननीय तातेराव, तलाव समितीच्या उपाध्यक्षा पुष्पाबाई, चोवीस वर्षं तलावाची राखण करणारे आजचे सत्कारमूर्ती गुलाम नबीभाई, सोबत आलेल्या कमरबी भाभी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मला दोन मिनिटं दिलीत. चार घेईन, रागावू नका.

नबीभाई आज निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कुणी येणार न्हाई. येईल कशाला? सोमवारपासून तलावात मुरूम पडणार, वर दुकानांचे गाळे उठणार. आपण शाल-श्रीफळ देऊन मोकळे!

समुद्र आपल्यापासून कुठल्या कुठं. तरी त्याच्या काठचे लांब पायांचे पक्षी थंडीत आपल्या बसस्टँडमागच्या चिखलात उतरतात. चक्रवाक येतात, पट्टकदंब येतात. नबीभाई सगळ्यांना 'पाव्हणे' म्हणतात. एका शिकाऱ्यानं बंदूक रोखली, तर हे आडवे आले. म्हणाले, "पहिले मला मार, मंग पाव्हण्याला."

आता खरं बोलतो. चार वर्षांखाली तलाव राखीव करायचं ठरत होतं. वरून पत्र आलं, पक्षी मोजून पाठवा. असलं काम कुणाच्या गळ्यात पडतं? मास्तरांच्या! गणनाप्रमुख मी. आणि मास्तरला सवड कधी? मे महिन्याच्या सुटीत. गेलो छत्र्या-वह्या घेऊन. तळाला भेगा, आत तीन म्हशी.

नबीभाई काकुळतीला आले. "सर, आत्ता काय मोजून राह्यले? पाव्हणे कवाच गेले. दिवाळीनंतर या, बराबर दाखवतो."

मी म्हणालो, "दिवाळीनंतर शाळा असते हो."

आणि रकान्यात लिहिलं, 'पक्षी : निरंक'. खाली सही ठोकली. प्रस्ताव बारगळला. तोच कागद आज गाळ्यांच्या फायलीला जोडलाय. मी तीन अर्ज दिले, हेलपाटे घातले. साहेब विचारतात, "गुरुजी, सही तुमचीच ना?" काय सांगू? माझीच आहे!

परवा नबीभाईंपुढं रडलो. ते म्हणाले, "मला काय सांगून राह्यले? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

म्हणून अध्यक्षमहाराज, भर सभेत हात जोडतो. पौष चाललाय, तलाव आत्ता पाखरांनी भरलाय. अजून ऊन आहे. दहा मिनिटांचा रस्ता, चला, तुम्हीच मोजा! मुरूम तुमच्या एका शब्दावर थांबतो... घड्याळ कशाला बघताय, तातेराव? जालन्याची मीटिंग काय, उद्याही होईल. सोमवारनंतर मी कुणाला काय मोजून दाखवू?

बरं. चिठ्ठी आली, थांबतो. संयोजकांचे आभार, इतकं ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल, तर आपण सर्वांनी माफ करावं.

नबीभाई, तुम्ही मात्र करू नका.