कानांतलं रान

...आणि वर मलाच विचारतो, "मास्तर, ह्यो कान हाय का बाभळीचं बन?" आता तुम्हीच सांगा, ओट्यावर चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यांतले दोघे माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप, आणि हा सहादेव न्हावी माझा कान धरून आत असा वाकून बघतोय, जसा काही विहिरीत पडलेला पोहरा शोधतोय! "कात्री लावू का? बारकी हाय आज." मी म्हटलं, नको. "अवो, फुकट लावतो!" मी म्हटलं, सहादेव, बाबा, तू दाढी कर आणि कानांना सोड. तर सगळ्यांकडे बघून म्हणतो, "कान तुमचं खरं, पर बघायचं आमीच की!"

हेच! हेच वाक्य! तुम्हाला सांगतो, या एका वाक्यानं माझा उभा जन्म कान धरून चालवलाय.

डोक्यावरचे केस गेले, त्याची माझी तक्रार नाही. देवानं दिले, देवानं नेले. पण नेले ते नेले, आणून माझ्या कानांत का लावले? आणि लावले ते असे, की एकेक केस तंबोऱ्याच्या तारेसारखा! चाळिशी उलटल्यापासून हे चाललंय, आणि गंमत म्हणजे मला त्याचा पत्ताच नव्हता. आपले कान आपल्याला कुठं दिसतात हो? मला वाटायचं, कान म्हणजे गुळगुळीतच असतात... कारण घरी हन्ना होती.

हन्ना म्हणजे माझी बायको. दर शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपासना म्हणून, ती मला मागच्या दारात उजेडाला पाटावर बसवायची. दंतमंजनाच्या जुन्या डबीतली चिमूटभर राख घ्यायची, अंगठ्याला आणि बोटाला चोळायची, आणि... सटक्! राखेनं केस निसटत नाही. मी "आई गं!" म्हटलं की उत्तर तयार: "ओरडू नका. कान तुमचे, पण बघायचे आम्ही!" आणि नुसते केस काढून थांबेल तर ती हन्ना कसली! आठवडाभराचे माझे गुन्हे ती शनिवारपर्यंत राखून ठेवायची. "सोमवारी माझ्या भावाला काय म्हणालात?" सटक्! "छत्री कुठं विसरून आलात?" सटक्! "कृपाला फ्रॉकचं कापड आणतो म्हणालात, कुठंय?" सटक्, सटक्! कान तिच्या हातात, माणूस ऐकणार नाही तर करील काय?

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात हन्ना गेली. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. एवढंच सांगतो, की एका शनिवारी संध्याकाळी मी आपला सवयीनं पाट घेऊन मागच्या दारात जाऊन बसलो. मग उठलो. पाट जागेवर ठेवला.

आणि कान वाढू लागले! म्हणजे कान नव्हेत, कानांतलं रान. मला कसं कळणार? सांगायचं कुणी? शाळेतली मुलं सांगतील? कळलं ते आमच्या कृपामुळे. तिला वडाळा गावचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तरच, सालस, आणि कृपाला पसंत. म्हणजे ती तसं बोलली नाही हो, पण त्याचं नाव निघालं की शेगडीवरचं दूध उतू जायचं. आता राहिलं एकच. मुलाचे आईवडील घर बघायला यायचे होते. वडील रंगनाथराव, तिथल्या ख्रिस्ती मंडळीतले मोठे कडक गृहस्थ. आणि आई रतनबाई! त्यांनी म्हणे आधीच्या एका स्थळाला मुलीच्या बापाची नखं बघून नकार दिला होता. नुसती नखं! कृपा माझ्याकडे बघतच राहिली आणि हळूच म्हणाली, "पपा... तुमचे कान..."

झालं. पोरीचं लग्न माझ्या दोन कानांवर येऊन लटकलं!

आधी गेलो सहादेवाकडे. तेव्हा लढाई चाललेली, भिंगारच्या छावणीत गोरे शिपाई भरलेले, आणि याची बारकी कात्री तिकडंच राहिलेली. "सायबांच्या मिशांना लागती, मास्तर. न्हाई तर वस्तऱ्यानं करू?" वस्तऱ्यानं कान? मी घरी आलो. शिवणाची कात्री घेतली, कचाकच कातरले. दोन दिवसांत टोकं अशी ताठ आली की कुशीवर झोपावं तर उशी टोचते... का मी उशीला टोचतोय, तेच कळेना.

मग म्हटलं, आपण शिकले-सवरले लोक, पातं वापरावं. पण लढाईत पाती मिळतात कुठं? एकच जुनं पातं काचेच्या पेल्यात आतल्या अंगानं घासून घासून मी वर्षभर दाढीला चालवत होतो. ते घेतलं, आरसा घेतला, आणि तुम्हाला सांगतो, आरशात डावा हात उजवीकडे जातो हो! कानाची पाळीच कापली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो ते दोन्ही कानांत कापूस घालून. एकातच घातला तर लोक विचारतील, म्हणून दोन्हींत! मुलांनी काय ओळखायचं ते ओळखलं. उलटसुलट पाढे म्हणत होती, आणि मी आपला मान हलवून, "शाबास! पुढं!"

मग कापड बाजारातल्या एका दुकानदारानं केस उडवायची पूड दिली. "पाण्यात कालवा, लावा, पुसून टाका. केस गायब!" लावली. पुसायची विसरलो, निबंध तपासत बसलो होतो. केस गेले, खरंच गेले, त्यांच्याबरोबर सालही गेली! आणि वास... नासक्या अंड्यांचा. तीन वेळा साबण लावला तरी हलेना. रविवारी उपासनेला आमचा बाक नेहमी गच्च. त्या रविवारी मी एकटा, ऐसपैस, टोमॅटोसारखे दोन कान घेऊन. आमचे यशया पाळक उपदेशात थांबून म्हणाले, "खिडक्या उघडा." आणि पंधरवड्यात रान पुन्हा हजर!

चिमटा म्हणाल, तर तोही झाला. पण कानात चिमटा गेला की मला खोकला येतो. हसू नका, असतं काहींना तसं! एक केस, एक ढास. कृपा बिचारी आलं-तुळशीचा काढा घेऊन उभी. शेवटी म्हणाली, "पपा, आई राखेनं काढायची ना?" म्हटलं, राख केव्हाच लावून पाहिली शेगडीतली, निसटतो केस. "अहो, कोळशाची कशी चालेल? आई गोवरीची आणायची, शेजारच्या गोजरबाईंकडून."

इतकी वर्षं माझ्या कानाशी आलेली राख कुठून येते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि हन्नाची ती डबी? ती कपाटात होती. तळाशी थोडी राखही होती. ती मला वापरायची नव्हती.

तर गेलो गोजरबाईंकडे. बुधवार होता. वाटी पुढं करून म्हटलं, "थोडी राख हवी होती, गोवरीची." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "राख? तुमाला? कशापाई?" आता परक्या बाईला कानांतल्या केसांचं कसं सांगायचं? म्हटलं, "असंच... लावायला." बाईंचे डोळे मोठे झाले, डोक्यावर पदर आला, आवाज खाली उतरला. "मढीच्या नाथबाबाचा राखेचा नवस केला का काय, मास्तर? लई कडक असतंय बगा त्येंचं! मनापासून करा." आणि दोन्ही हातांनी शीग लावून वाटी भरून दिली!

घाम फुटला हो! बाहेर येऊन कपाळ पुसलं... राखेच्याच हातानं. आणि समोरून कोण? योहान कंपाउंडर. कॅथलिक माणूस, त्यांच्या देवळातून येत होता, आणि त्याच्याही कपाळावर राख! कारण तो निघाला त्यांचा राखेचा बुधवार. उपासकाळ सुरू होतो, फादर सगळ्यांच्या कपाळाला राख लावतात. आम्ही प्रॉटेस्टंट लोक तसलं काही करत नाही, आणि करत नाही हे सांगताना आम्ही कधी थकत नाही. योहाननं माझं कपाळ बघितलं, हातातली भरलेली वाटी बघितली, आणि भर रस्त्यात मला मिठी मारली. "मास्तर! आलात शेवटी!" त्याच्या डोळ्यांत पाणी. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला सांगू तरी कसं, की बाबा, हे कानासाठी आहे?

संध्याकाळपर्यंत आळीचे दोन भाग झाले. अर्ध्यांच्या मते मास्तर मढीला चालले, उरलेल्यांच्या मते मास्तर कॅथलिक झाले! दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब दारात. "मास्तर, मनात काही शंका आली आहे का?"

"शंका नाही, पाळकसाहेब. गरज आहे."

"राखेची?"

"हो."

"कशासाठी?"

"ते... खाजगी आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि भरकटलेल्या मेंढरासाठी लांबलचक प्रार्थना केली. मी मनात म्हटलं, मेंढरू खरंच, लोकरीसकट!

शनिवारी वडाळ्याची मंडळी यायची. मोटार तेव्हा कोळशाच्या धुरावर चालायची, ती कधी वेळेवर येत नसे. म्हटलं, दुपार मोकळी आहे. मागच्या दारात पाट टाकला, आरसा खिट्टीला अडकवला, दोन्ही कानांना राख थापली, त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला आणि बसलो. आणि त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, मोटार लवकर आली! मान वर करतो तर अंगणात रंगनाथराव, मागं रतनबाई, त्यांच्या मागं पाळकसाहेब. मोटार अड्ड्यावरच त्यांना कुणीतरी सगळं सांगितलेलं.

"सलाम, मास्तर." रंगनाथरावांनी वाटीवर नजर रोखली. "आम्ही ऐकलं ते खरं का?"

माझे कान पांढरे, कपाळ पांढरं, मांडीवर वाटी!

"मास्तर," रंगनाथराव म्हणाले, "माणसानं आपल्या मनाप्रमाणं वागावं. पण आमच्या घरात असल्या राखेला थारा नाही. चला." आणि वळले हो! तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात कृपा. पदराचं टोक मुठीत घट्ट. तिच्या आईनं आतापर्यंत अंगण डोक्यावर घेतलं असतं...

मग मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो. "अहो, कानांतले केस काढतोय मी!"

पाळकसाहेबांचं तोंड उघडं. रंगनाथराव वळले, आणि त्यांचा हात हळूच स्वतःच्या कानाकडे गेला. तेव्हा मी पाहिलं, त्यांचे कान! काय सांगू... चिनीमातीच्या कपासारखे गुळगुळीत! रतनबाई पुढं झाल्या. वाकून माझा कान बघितला. वाटीतली राख चिमटीत घेतली.

"चाळली न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग! चाळल्याबिगर केस हाताला लागंल कसा? पोरी, फडकं आन." आणि नवऱ्याकडे वळून, "आन् तुमी काय उभं ऱ्हायलाय खांबावानी? आदी सोताचं कपाळ पुसा! मोटारीची काजळी लागलीया. राखंला थारा न्हाई म्हनं! दर शनवारी माज्याम्होरं कान धरून कोन बसतंय?"

रंगनाथरावांनी कपाळ पुसलं आणि मुकाट्यानं ओट्यावर बसले.

मग रतनबाईंनी राख चाळून कृपाच्या बोटांना लावली. "आसं धर. न्हाई, नखानं न्हाई, पेरानं. शिकून घे. ह्यांचं कान आसलं, म्हंजी आता पोराचंबी व्हनारच. आमच्या घरात यायचं तर येवडं आलं पायजे." म्हणजे स्थळ पक्कं झालं, कळलं ना तुम्हाला? पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं उपकारस्तुतीची प्रार्थना केली. त्यांनी डोळे मिटले आणि कृपानं पहिला केस ओढला. सटक्!

"आई गं!"

"ओरडू नका, पपा," ती म्हणाली. "कान तुमचे, पण बघायचे आम्ही."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी दारात बसून ऐकलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केस ओढला की येतंच हो ते. सगळ्यांनी तसंच समजून घेतलं.

ईस्टरनंतर लग्न झालं. तोवर दर शनिवारी कृपानं माझ्या कानांवर हात बसवून घेतला, आणि शनिवारचे गुन्हेही आईसारखेच मोजायला लागली. लग्नात माझे कान असे चमकत होते, की योहान म्हणाला, "मास्तर, तेज आलंय!" त्यानं अजून आशा सोडलेली नाही. गोजरबाई अजूनही अधूनमधून वाटीभर राख पाठवतात आणि विचारतात, "मढीला कवा निगायचं?"

आता घरी मी एकटा. पाती आहेत, चिमटा आहे, कालपासून सहादेवाची बारकी कात्रीही आहे, फुकट! पण मी नको म्हणतो. कृपा नाताळला येणार आहे. दारातून आत आली की आधी माझे कान बघेल, कपाळाला हात लावील, म्हणेल, "पपा, हे काय! बसा पाटावर!" आता ती आली आणि कानांत काढायला काही सापडलंच नाही, तर तिनं करायचं काय? आणि मला बोलायचं कुणी? म्हणून वाढू दिलंय. वाढो बिचारं. नाताळपर्यंत कळ काढायची...

काय? काय म्हणालात?

अहो, हे रान आहे ना मध्ये... जरा मोठ्यानं बोला.