राजाने प्रेत पाहू नये

आजच्या सभेच्या अध्यक्षा, संसदेच्या सभापती हेल्गाबाई तोर्विक, नूतन राष्ट्राध्यक्ष एस्किल ब्राम, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मावळत्या राष्ट्राध्यक्षा मारितबाई, आणि वेस्करच्या नागरिक बंधुभगिनींनो,

मारितबाईंचा चिटणीस म्हणून दोन शब्द बोलायची मला आज्ञा झाली आहे. चिटणीस दोन शब्दांत आटपत नाही, हे सभापती जाणतातच.

राजा गेला, प्रजासत्ताक आलं, तेव्हा आपण काय केलं? राजवाड्याची नियमावली काढली, 'राजा' खोडून 'राष्ट्राध्यक्ष' लिहिलं आणि जेवायला गेलो. अधिकार काढून घेतले, सह्या आणि फिती कापणं ठेवलं. त्यात एक जुना नियमही तसाच राहिला: राजाने प्रेत पाहू नये, दफनभूमीत पाऊल टाकू नये. तो वाचून बाई हसल्या होत्या. "म्हणजे माझ्या मयताला मीच जायचं नाही की काय?"

गेल्या हिवाळ्यात बाईंचे यजमान योरनराव गेले. नोर्वी बेटावरचा नावाडी माणूस. राजवाड्यातही बूट दाराबाहेर काढायचे.

मी धावत हेल्गाबाईंकडे गेलो. संसदेने एका बैठकीत नियम रद्द केला, विरोधकांनीही हूं की चूं केलं नाही. बाईंची सही तेवढी राहिली. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "यात एक ओळ घालायला सांगा. पुढच्या राष्ट्राध्यक्षापासून लागू."

"अहो बाई, हा कसला हट्ट? लोकच म्हणतायत, जा म्हणून."

"लोक चांगले आहेत हो. पण माझ्या सहीने माझीच सोय? राजे हेच करायचे."

संसदेने मान खाली घालून ती ओळ घातली. मला राग आला होता, अजून गेलेला नाही. योरनरावांना नोर्वीला नेलं, खांदा शेजाऱ्यांनी दिला. बाई त्या वेळी इथे, याच सभागृहात, शाळकरी मुलांना पदकं देत होत्या. हसून देत होत्या. मला ते बघवलं नाही.

एस्किलसाहेब, तुम्ही आपल्या माणसांना पोचवायला जाऊ शकाल. ती मोकळीक कोणामुळे मिळाली, एवढं ध्यानात असू द्या.

आता बाई साध्या नागरिक झाल्या. नोर्वीची बोट धक्क्याला थांबली आहे. तेव्हा चहापानासाठी, छायाचित्रांसाठी कोणी त्यांना अडवू नये.

सभापतींचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि आणलेले गुच्छ मात्र बाईंच्या हातात जरूर द्या. आज त्यांना फुलं लागणार आहेत.