कांद्याचा गुण
अगो, आमच्या धाकट्या कुसुमला गांधीलमाशी चावली तेव्हाची गोष्ट. सासूबाई लगेच कांदा चोळत बसल्या. म्हटलं, "आत्या, नुसता हात सुजला असता तर मीपण कांदाच चोळला असता. पण पोरीचे ओठ सुजलेत, श्वास घेताना शिट्टी वाजतेय. डॉक्टरकडं न्यायला हवी."

"थांब गो, कांद्याला जरा येळ दे!"

थांबते कसली! पोरीला उचललं आणि घाटातून उतरणारा ट्रक हात करून थांबवला. पोलादपूरच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शन टोचलं, मग म्हणाले, "उशीर केला असतात तर पोर हाती लागली नसती."

दुसऱ्या दिवशी कुसुम अंगणात उड्या मारत होती. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बगलंस? कांद्याचा गुण हाय हा. हिला उगीच पोलादपूर फिरायची हौस!"