प्रधानाचं काम

(सातारा, १९४६. शाळा सुटल्यावर मॅट्रिकच्या वर्गात नाटकाची तालीम. गंगाधर सर आणि दोन विद्यार्थी, बादशहा व चिंतामण.)

बादशहा : मी प्रधानाचं काम करणार न्हाई, सर.

सर : काल तर गप्प होतास. आज काय झालं?

बादशहा : काल तुमी म्हणालात, बादशहाला प्रधान शिकवावा लागणार नाही, तो त्याला आतूनच जमेल. सगळा वर्ग हसला. राजाचे कान भरून त्याच्याच हुकमानं त्याचा पोरगा मारवणारा माणूस मला आतूनच कसा जमंल, ते सांगा.

सर : अरे, थट्टेत बोललो. तुझा आवाज भारदस्त आहे, म्हणून...

बादशहा : भारदस्त आवाज राजाला लागतो. प्रधान नाटकभर कुजबुजतोय.

चिंतामण : खरं आहे, सर. राजा मी करतोय आणि माझा आवाज दारापर्यंतही जात नाही.

सर : चिंतामण, तू मधे बोलू नकोस. हे बघ, प्रधानावाचून कथानक पुढं सरकतच नाही. मोठं काम आहे ते.

बादशहा : राजाचा नाश कुणामुळं झाला, या प्रश्नाला कुणी ‘प्रधानामुळं’ लिहिलं की तुमी मार्क कापता. शोकांतिकेतला माणूस आपल्याच दोषानं पडतो, हे तुमीच शिकवलं. व्हय का न्हाई?

सर : बरोबर आहे.

बादशहा : मग गेल्या साली कपटी सावकार मी, त्याच्या आदल्या साली फितूर किल्लेदार मी, औंदा प्रधान मी. हे कुणाच्या दोषानं?

चिंतामण : सर, राजाचं काम आधी तुम्ही त्यालाच देणार होता. मग शाळा कमिटीचे नानासो येऊन गेले.

बादशहा : काय म्हणाले नानासो?

सर : म्हणाले, दिवस बरे नाहीत. कलकत्त्याच्या, मुंबईच्या हिंदू-मुसलमान दंग्यांच्या बातम्या रोज येताहेत. गादीवर बादशहा बसलेला लोकांना खपणार नाही. मंडप तेच घालून देतात, बाबा. मी काय करणार होतो?

बादशहा : आणि तुमी ऐकलंत.

सर : शाळेचं हित बघावं लागतं.

बादशहा : राजा पण राज्याचं हितच बघत हुता. तुमीच सांगितलंत, त्यानं ऐकलं ही चूक न्हाई, ऐकणं कुणाला चुकलंय. पोराला समोर बोलवून एकदाबी विचारलं न्हाई, ती चूक. मी पाच साल तुमच्या हाताखाली शिकलो. मला विचारलंत?

चिंतामण : सर, मी राजा सोडतो. काल मीही हसलो होतो.

सर : आणि मंडप मिळाला नाही तर?

चिंतामण : याच वर्गात करू. प्रधान मी करीन.

सर : चुकलं माझं, बादशहा.

बादशहा : मला नगा सांगू. नानासोंना सांगा.

सर : उद्या सकाळी त्यांच्या घरी जातो.

बादशहा : खाली हापिसात बसल्यात ते.

सर : बरं. चिंतामण, बाकं भिंतीला लाव. बादशहा, दरबाराचा प्रवेश काढून ठेव. मी खाली जाऊन येतो.