खिडकीवरचा पत्रा

— नाही, नाही, गज नकोत मिस्त्री, सपाट पत्रा. अख्खी खिडकी बंद करायची. गजांतून हात बाहेर येतो — म्हणजे येऊ शकतो, असं म्हणतोय मी. ही खिडकी मीच कापली होती, ग्राइंडरने. कडा वेड्यावाकड्या आल्यात, हसू नका — जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, हातात हत्यार आलं ते निवृत्तीनंतर. बायको म्हणाली, घरात भुसा नको, काय ठोकाठोकी करायची ती बाहेर करा. म्हणून हा जहाजावरचा कंटेनर घेतला, क्रेनने परसात उतरवला. माझी कार्यशाळा! रंधे, करवती, छोटा लेथ — आता काही नाही. सगळं काढून घेतलं. धारदार वस्तू नकोत ना तिच्या — नकोत तिथे.

आवाज? तो होय — उन्हाने पत्रा तापला की वाजतो. पोलाद प्रसरण पावतं, मीच शिकवलंय पोरांना. त्यामुळे मला आधी तेच वाटतं, दर वेळी.

हवेचं काय? वर कोपऱ्यांत बारीक झरोके असतात कंटेनरला, ते मी सिलिकॉनने बुजवले, हत्यारांना गंज चढत होता म्हणून. काम चोख झालं, थेंबभर ओल येत नाही आत. मग हिशेब केला — एका माणसाला बंद जागेत हवा किती वेळ पुरते. दोनदा केला, दोन वेगळी उत्तरं आली. पूर्वी असं होत नसे माझं. मोठं उत्तर बरोबर असणार. असावं.

एका माणसाला म्हणजे — बरं, सांगतो. ही आत आहे. आमची ही. असे बघू नका माझ्याकडे, शिक्षा नाही केलेली कुणी! तिला आठवत नाही हो काही. रस्त्यावर जाते, ट्रकपुढे उभी राहून विचारते, माझं घर कुठंय. मला 'सर' म्हणते. घरातल्या कड्या तिला काढता येतात. ह्या कंटेनरच्या दाराचे दांडे मात्र बाहेरूनच फिरतात — आतून कोण उघडणार, मालाच्या पेट्या? आत गादी आहे, पाणी आहे. लेक फोनवर म्हणते, बाबा, झेपत नसेल तर आईला संस्थेत ठेवू. म्हटलं, झेपतंय. मी बाजारात जातो तेवढ्यापुरतंच ठेवतो, खरंच. आज सकाळी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली, म्हणून हे प्लायवूड ठोकलं तात्पुरतं, आणि तुम्ही येणार येणार म्हणत एवढा उशीर केलात —

हात लावू नका दांड्याला! उघडलंत की पळेल ती. आणि सांगेल, ह्या माणसाने मला कोंडलंय. सगळ्यांनाच सांगते. काम करायचं नसेल तर उचला तुमचं मशीन आणि चालू लागा. दुसरा वेल्डर आणीन, गपगुमान काम करणारा. मला शिकवू नका. निघा म्हणतो ना!

थांबा.

थांबा जरा. मी आत्ता केवढ्यानं ओरडलो — ओरडलो ना? मी ओरडलो की ती रडायला लागते. लगेच. आजवर कधी चुकलं नाही.

मिस्त्री, तो दांडा आधी वर उचलायचा, मग आपल्याकडे ओढायचा. तुम्हीच ओढा. माझा हात होत नाही. ओढा हो —