एका हाकेला ओ

तुमी हसाल, पण साखऱ्याजवळच्या त्या कड्यावर आमी आता रॅपलिंगला कोणाला नेत न्हाई.

वरून मी लोकांना दोरानं उतरवायचो. खाली माझ्यासंगं काम करणारी शोभा दोराचं टोक धरून उभी. उतरणाऱ्याचा हात सुटला की तिनं दोर ताणायचा, म्हणजे माणूस जागच्या जागी अडकतो. तिनं टोक सोडलं तर संपलंच.

एकदा एका मास्तरांचा अर्ध्यात हात सुटला. शोभानं दोर ताणला, मास्तर वाचले. मी खाली आलो तर शोभा घुश्शात.

"भाऊ, 'दोर सोड' काहून म्हणलात?"

"मी तर तोंडच उघडलं न्हाई."

"तुमचाच आवाज होता. मास्तरांचा हात सुटायच्या जरा आधी."

"मग सोडला काहून न्हाई?"

"आमच्या तांड्यावर डोंगरातल्या एका हाकेला कोणी ओ देत न्हाई. माणूस असला तर दुसऱ्यांदा हाक मारतो."

तेव्हापासून नियमच केला. हुकूम दोनदा आला तरच ऐकायचा. दर ट्रिपला त्याच कड्यावर उभा राहून मी तो सगळ्यांना मोठ्यानं समजावून सांगायचो.

मागच्या महिन्यात वर दुसरा गाईड होता. दोरावर एक पोरगी, निम्म्यात आलेली. तेवढ्यात वरून माझ्या आवाजात आलं, "दोर सोड. दोर सोड."

शोभानं टोक घट्ट धरलं आणि हळूच मान वळवून माझ्याकडं पाह्यलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो, तोंडात पाण्याचा घोट घेऊन.