पाहुण्यांच्या चहात पडलेला थेंब

आमच्या ताईची सोयरीक जमली, ती गळक्या काचेमुळं. साखरा गावातल्या आमच्या घरात उजेडासाठी बाबांनी पत्र्यात काच बसवली होती. दरसाल कडांना डांबर फासायचे, तरी गळायचीच. ताईला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही पाऊस होता. थेंब पडला नेमका मुलाच्या वडलांच्या कपात! ते निघाले पत्र्याचे मिस्त्री.

"शिडी आना," म्हणत ते उठलेच. तेलाचा रिकामा डबा कापून त्यांनी पट्टी केली. ताईनं शिडी धरली.

वरून म्हणाले, "डांबरानं काय होतंय? पट्टीची एक कड वरल्या पत्र्याखाली सारा, दुसरी काचेवर येऊ द्या. पानी वरूनच निघून जातंय!"

गळती थांबली. चिंब होऊन ते उतरले.

आई ओशाळून म्हणाली, "पोरगी पाहायची ऱ्हायलीच की!"

"काहून? एवढ्या पावसात तिनं शिडी सोडली न्हाई. आमाला पसंत हाय!"